सत्त्याऐंशीव्या पानावरचं 'उघड आहे'

मी एक प्रबंध आहे. अहो, नाकं मुरडू नका! प्रबंध म्हटलं की माणसांना जांभई येते, ठाऊक आहे मला. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, दोनशे चौदा पानं. डॉ. रवींद्र तरे यांनी पीएच.डी.साठी मला लिहिलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. माझी भावंडं ग्रंथालयात आणि परीक्षकांच्या घरी गेली. मी सरांची स्वतःची प्रत. कल्याणच्या बाजूला आमचं विद्यापीठ, तिथल्या संगणकशास्त्र विभागात सरांची केबिन, आणि केबिनमधल्या कपाटात मी.

माझा जन्म काही सुखासुखी झाला नाही. तेव्हा विभागात धड चालणारे संगणक दोन, आणि त्यांवर बसायला नंबर लागायचे. सर दिवसा मुलांना शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी कळव्याहून येऊन मला टाइप करायचे. ठाण्याच्या बाइंडरकडून मी घरी आलो त्या दिवशी सरांच्या आईने, कलावतीआईने, मला देव्हाऱ्यात एकवीरा आईसमोर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. माउलीला अक्षर वाचता येत नाही. सरांचे वडील खाडीत होडी घालायचे, त्यांच्या मागे तिने मासळी विकून पोराला शिकवलं. माझ्या अंगावर तो कुंकवाचा डाग अजून आहे.

आता माझ्या पोटात काय आहे ते सांगतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे शंभर रस्ते असले, तर त्यातला सगळ्यात कमी कष्टाचा रस्ता संगणकाने झटपट कसा शोधावा, याची सरांनी एक रीत काढली. ही रीत रस्त्यांच्या कुठल्याही जाळ्यावर चालते, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. लोकांनी मान डोलावली. सर परिषदांना गेले, प्राध्यापक झाले. त्यांनी शिकवलेली पोरं पुण्याला, बंगळुरूला आणि कुठे कुठे गेली. प्रोजेक्टर आला तरी सरांनी खडू सोडला नाही. रंगीत खडूंनी फळ्यावर ठिपके आणि बाण काढायचे, आणि रविवारी खाडीवर गळ टाकून बसायचं, एवढेच त्यांचे दोन शौक.

या गणिती मंडळींची एक खोड असते बघा. जिथे सिद्ध करायचा कंटाळा येतो, तिथे ती 'हे उघड आहे' असं लिहून पुढे सटकतात. वाचणाऱ्याला ते उघड दिसलं नाही, तर तो बिचारा गप्प बसतो. आपल्यालाच कळत नाही हे कोण कबूल करणार? माझ्या सत्त्याऐंशीव्या पानावर सरांनीही तसंच लिहिलं. दोन परीक्षक, एक समिती आणि नंतरचे सगळे वाचणारे त्या ओळीवरून पुढे गेले. खरं सांगायचं तर मीही फुशारकीत होतो.

मग ऐश्वर्या आली. शहाडची मुलगी, सरांची शेवटची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्याच रीतीवर उभं होतं. ठाण्याच्या एका कॉलेजात तिची नेमणूक ठरलेली, पण अट अशी की जूनच्या आत प्रबंध सादर झालेला हवा. जानेवारीत एक दिवस ती केबिनमध्ये आली. हातात कागद.

"सर, रागावू नका हां. तुम्ही इथे 'उघड आहे' लिहिलंय ना, ते मला होतच नाहीये. चार दिवस बसलेय मी."

कागदावर पाच ठिपके आणि काही बाण होते. सरांनी कागद घेतला, मला उघडून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "ठेवून जा. बघतो."

दहा मिनिटांत त्यांना कळलं. मी त्यांच्या मांडीवरच होतो, त्यांनी एकेक बाण पुन्हा पुन्हा बोटाने गिरवून पाहिला. जायला जेवढे कष्ट, तेवढेच यायला, असं त्या ओळीत त्यांनी गृहीत धरलं होतं. रस्ता दोन्हीकडून सारखा असेल तिथे माझी रीत बरोबर होती. जिथे जाणं वेगळं आणि येणं वेगळं, तिथे ती साफ चुकत होती. सरांनी मला मिटून फळीवर ठेवलं आणि कागद खणात टाकला.

त्यानंतर महिनाभर ऐश्वर्या विचारायची आणि सर म्हणायचे, "बघतोय गं, जरा थांब." तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. एक दिवस ती म्हणाली, "सर, माझंच चुकत असणार. मी तो चॅप्टरच काढून टाकते." चार वर्षांचं काम ते! आणि सर नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे मला त्यांचा राग आला. ज्या माणसाने मला जन्म दिला, त्याची मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

शेवटी त्यांनी विभागप्रमुख वर्षाली मॅडमना सांगितलं. मॅडमनी आधी दार लावून घेतलं.

"सर, मेमध्ये तुम्ही रिटायर होताय. सत्कार ठरलाय. सव्वीस वर्षांत कुणी ब्र काढला का? झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला हात दाखवून अवलक्षण? तिला दुसरं काहीतरी करायला द्या."

त्या दिवशी सरांनी मला पिशवीत घालून कळव्याला नेलं. कलावतीआई ओट्यापाशी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण हात चालूच. सर तिच्याजवळ पाटावर बसले आणि म्हणाले, "आई, मी या पुस्तकात लिहिलं की जायला जेवढे कष्ट, तेवढेच यायला. ते चुकलं."

म्हातारी खो खो हसली. "बाला, भरतीला जाताना ना वोहटीला येताना पानी येकच आसतं क रं? तुजे बापाला इचारला आसतास!" मग तिने पोराचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "कुनी काराली चूक?"

"माझ्याकडे शिकते ती पोरगी."

"तिला सांगलास, का तुजा बराबर हाय म्हनून?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. म्हातारीने करंदीचं ताट बाजूला सारलं. "मंग तिला कनाला ताटकलत ठेवलीस? चूक तुजी, ना जीव तिचा जातंय."

मार्चमध्ये समितीपुढे ऐश्वर्याने आपलं काम मांडायचं होतं. ती उठायच्या आधी सर उठले. मला टेबलावर उघडून ठेवलं आणि ते म्हणाले, "पान सत्त्याऐंशी. इथे मी 'उघड आहे' लिहिलंय. ते उघड नाही आणि खरंही नाही. ऐश्वर्याने ते दाखवून दिलं. मला हे जानेवारीपासून माहीत आहे. मी तिला सांगितलं नाही, ती त्याहून मोठी चूक."

ऐश्वर्या रडायलाच लागली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं मी ढ आहे, सर." मला वाटतं, समितीच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा ते वाक्य सरांना जास्त लागलं.

तिसरं प्रकरण बचावलं. माझी रीत कुठे चालते, कुठे मोडते आणि ती दुरुस्त कशी करायची, हेच आता तिचं प्रकरण झालं. सरांचा सत्कारही झाला. भाषणं जरा आखूड झाली आणि ज्या दोघा-तिघांनी माझी स्तुती करायची, त्यांनी हवापाण्यावर वेळ मारून नेली.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ऐश्वर्या पूर्ण झालेला प्रबंध सहीसाठी घेऊन आली. सरांनी थेट तिसरं प्रकरण काढलं. पहिलीच ओळ होती, 'पूर्वीच्या एका प्रबंधात ही त्रुटी आढळते.'

"कुणाचा प्रबंध?" सरांनी विचारलं.

"सर, राहू दे ना तसंच. बरं दिसत नाही."

सरांनी पेन उघडलं, 'पूर्वीच्या एका' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'डॉ. रवींद्र गुणाजी तरे यांच्या'. "असं छाप," ते म्हणाले. "कुणी शोधायला गेलं तर त्याला पत्ता नको?"

दुसऱ्या दिवशी नवं पान आलं. सरांनी ते वाचलं आणि मार्गदर्शकाच्या जागी सही केली.

केबिन रिकामी करताना सरांनी मला ऐश्वर्याला देऊन टाकलं, आणि आता मी ठाण्याच्या कॉलेजात तिच्या टेबलावर असतो. तिची मुलं मला हाताळतात, सत्त्याऐंशीवं पान काढून हसतात. हसू देत. वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर हसा, मला खोडा, पण तुमच्यापुढे कुणी पोर कागद घेऊन उभं राहिलं आणि बरोबर ते असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगा. माझ्या सरांना दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांची दुरुस्ती कुठल्याच प्रकरणात झालेली नाही.