जावयाचा आवाज

टेबलावर बोलणारी डबी होती. ताटात उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके निवलं होतं. दार सताड उघडं होतं.

अल्झायमर झालेल्या आईला गोळीची आठवण करून द्यायला मी डबीत माझ्या नवऱ्याचा, मुगेर्वाचा, आवाज भरला होता.

शेजारीण नाकाट्टो म्हणाली, "जावयाला सासूच्या खोलीत बसवलंस? शिकून उजेड पाडलास, बाई. 'जावई आत आहे' म्हणत ती डोक्यावरून कापड ओढून पळाली."

आमच्यात सासू-जावई एका खोलीत थांबत नाहीत. आई माझं नाव विसरली होती, पण हा रिवाज विसरली नव्हती.

दलदलीच्या काठावर तिची चप्पल मिळाली. पुढे नुसतं लव्हाळं होतं. मुगेर्वा हाक मारणार, तोच मी त्याचं तोंड दाबलं.

आधी डबीत माझाच आवाज होता, तो ऐकून आई विचारायची, "ही कोण बाई?"