स्नेहाचं वाचन

“माझ्या पोरीचा आवाज ऐकवा की बाई,” लंकाबाई म्हणाली आणि मालिनीबाईंनी हातातला फोन पदराआड धरला.

पालकसभा चालली होती. मालिनीबाईंच्या चौथीच्या वर्गात पोरांचे आईबाप छोट्या बाकांवर अवघडून बसले होते. ही सगळी हौस शामसुंदर सरांची, म्हणजे मुख्याध्यापकांची. मुलं घरून मोबाइलवर धडा वाचून पाठवतात ना, मग आईबापांना ऐकवा की! शाळेचं ऑनलाइन वाचन शंभर टक्के झाल्यापासून सरांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शंभर टक्के! ते कसं झालं हे मालिनीबाईंनाच ठाऊक. वर्गातल्या सात पोरांच्या घरी मोबाइल नव्हता, किंवा होता तो बापाबरोबर कामाला जायचा. लंकाबाईच्या स्नेहाचा बाप मनमाडला हमाली करायचा, फोन त्याच्या खिशात. यादीत सात लाल खुणा दिसल्या की वरून विचारणा व्हायची. या सातांना शाळेतच बसवून बाईंनी आपल्या फोनवर वाचून घ्यायला हवं होतं. एकदा बसवलंही. स्नेहा पहिल्याच ओळीवर पाच मिनिटं अडली. मग एका दुपारी कंटाळून, हो, निव्वळ कंटाळून, बाईंनी वर्गातल्या हुशार यशश्रीला समोर बसवलं आणि सातही जणांच्या नावावर तिच्याकडूनच धडा वाचून घेतला. यशश्रीला गंमत वाटली. मोबाइलला काय, आवाज कुणाचा का असेना, हिरवी खूण उमटली.

आणि हिरवी खूण उमटली की पोर जादा तासातून बाहेर. कच्च्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर हा तास व्हायचा. त्यातून स्नेहाचं नाव त्याच आठवड्यात गळालं. “तुला आता गरज नाही गं,” असं बाईंनी तिला सांगितलंसुद्धा. सांगताना जीभ कशी रेटली, देव जाणे.

“आज नको, लंकाबाई. नेट जरा...”

“अहो, चाललंय की नेट!” सर पुढं आले. त्यांनी बाईंच्या हातातून फोन घेतला आणि स्नेहाच्या नावावर बोट ठेवलं.

खणखणीत, कुठंही न अडखळणारा आवाज वर्गभर पसरला.

लंकाबाई मखमलाबादकडच्या द्राक्षबागेतलं काम अर्धा दिवस बुडवून आली होती. पदर सावरून, फोनकडे कान लावून ती हसऱ्या तोंडानं ऐकू लागली. दुसऱ्या ओळीला हसू मावळलं. तिनं दारात उभ्या असलेल्या स्नेहाकडे पाहिलं. स्नेहा खाली बघत होती. मग लंकाबाईनं मालिनीबाईंकडे पाहिलं. आता ही बोलणार, सगळ्यांदेखत आपली अब्रू जाणार! बावीस वर्षांची नोकरी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

“काय मावशी, कसं वाचते लेक?” सरांनी विचारलं.

“लय ग्वाड वाचती,” लंकाबाई म्हणाली आणि गुमान खाली बसली.

सभा संपली, माणसं पांगली. मालिनीबाई फळ्याशी उभ्या होत्या. लंकाबाई त्यांच्याजवळ आली.

“बाई, नऊ वर्सं तिची हाक ऐकते मी. मला वळखू येनार नाय व्हय?”

“चुकले मी, लंकाबाई. आत्ता जाऊन सरांना सांगते.”

“ते तुमचं तुम्ही बघा. मला वाचता येत नाय, तिला तरी यावं, येवढंच हाय माझं. दोन महिने झाले, पोर जादा तासाला बसली नाय. आन मी गल्लीत सांगत फिरले, माझी स्नेहा वाचाया लागली म्हनून.” तिनं दारातल्या लेकीकडे पाहिलं. “उद्यापून बसवा तिला.”

“बसवते. रोज बसवते.” बाईंना तिच्याकडे बघवेना. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. पण या बाईनं भर सभेत आपल्याला सांभाळून घेतलं, हेच सोसवत नव्हतं.

लंकाबाईनं लेकीला हाक मारली.

“ये गं. बाईंच्या पाया पड. उद्यापून शिकवनार हायेत तुला.”

पोर लगेच वाकली. मालिनीबाईंनी पाय मागे ओढले, पण मागे भिंत होती.