रुजू तारीख

उदयसिंह दुकानात शिरला तो खोकं काउंटरवर आपटतच. "कोरी कार्डं मी आणल्यात. तुमी फकस्त छापून द्यायची. डिझाईन पेनड्राइव्हमधी हाय."

नुजहतनं खोकं उघडलं. शाहूपुरीतल्या या दुकानात पूर्वी तिचे वडील मीरासाब पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, ब्रश वाळले, तेव्हा नुजहतनं ओळखपत्रं छापायचं मशीन घेतलं. आता आसपासच्या शाळांची, क्लासांची कार्डं तिच्याकडंच व्हायची. उदयसिंहाकडं एका खाजगी दवाखान्याच्या सफाईचा ठेका होता. त्याच्यामागं पदर खोचून एक बाई उभी होती. तिच्या हातातल्या पिशवीत सगळ्या बायकांचे फोटो होते.

"ही तर शाईच्या मशीनवर छापायची कार्डं," नुजहत म्हणाली. "स्पर्धेच्या एका दिवसाच्या पासाला ठीक. दवाखान्यात दिवसभर ओले हात, फिनेल, सॅनिटायझर. कशी टिकतील?"

"हे बघ की, टिकत्यात व्हय!" मागची बाई पुढं झाली. तिनं गळ्यातलं जुनं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. पांढरं फटक. फोटोच्या जागी राखाडी डाग, नावाच्या जागी काहीच नाही.

"अंजना, तू गप," उदयसिंह म्हणाला. "पुसलं तर पुसलं. सालाला नवं देतोय की."

नुजहतनं पेनड्राइव्ह लावला. एकेक कार्ड पडद्यावर येत गेलं. नावं वेगळी, पत्ते वेगळे, पण रुजू तारीख सगळ्यांची एकच. याच महिन्याची.

"सगळ्या याच महिन्यात लागल्या?"

"माझा आर्यन पैलीत हुता तवापास्नं झाडतोय मी थितं," अंजनामावशी म्हणाली. "आता त्यो कॉलेजात जातोय."

मग नुजहतच्या ध्यानात आलं. जुनं कार्ड आपोआप पुसलं जायचं, नवं नव्या तारखेचं मिळायचं. दरवर्षी सगळ्या बायका नवीन. कुणी कधी जुनी व्हायचीच नाही, म्हणजे जुन्या माणसाचा हक्कही कुणी मागायचा नाही.

तिनं पेनड्राइव्ह काढला, खोक्यात टाकला आणि खोकं पुढं सरकवलं.

"मी छापणार नाही."

"का? पैसं न्हाय व्हय देत?"

"खोटी तारीख छापणार नाही. आणि पुसणारं कार्ड तर मुळीच नाही."

उदयसिंह हसला. मग खुर्चीत बसलेल्या मीरासाबांकडं वळला. "चाचा, लेकीला समजवा. ज्या शाळांची कार्डं छापता, त्यांच्या संस्थाचालकांबरं ऊठबस हाय माझी."

"मग त्यांनाही सांगा, मी काय म्हणाले ते," नुजहत म्हणाली.

तो गेला. अंजनामावशी त्याच्यामागं गेली, पण पायरीवर थबकून तिनं एकदा नुजहतकडं वळून बघितलं.

मीरासाब भडकले. "वैर घ्यायला दुकान काढलं काय? त्याला न्हाय म्हणायचं हुतं तर मशीन बिघडलंय म्हणायचं!"

"मशीन चांगलं आहे, अब्बा. बिघडलंय म्हणून कशाला सांगू?"

त्या दिवशी बापलेकीनं एकाच डब्यातलं जेवण दोन कोपऱ्यांत बसून खाल्लं. आणि आठवड्याच्या आतच एका शाळेचा निरोप आला, यंदाची कार्डं दुसरीकडं देतोय म्हणून. मीरासाबांनी वहीतल्या त्या शाळेच्या नावावर रेघ मारली. ती रेघ नुजहतला त्यांच्या रागापेक्षा जास्त लागली. पण उदयसिंहाला फोन करून माफी मागावी, असं तिला एकदाही वाटलं नाही.

मग एका दुपारी अंजनामावशी परत आली. बरोबर आणखी दोघी.

"जयभीम, बाई. आमची संघटना हाय, सफाईवाल्या बायकांची. तिचं कार्ड करून दे. ठेकेदाराचं न्हवं, आमचं. फोटू, नाव, न् खरी तारीख."

"तारखा आहेत सगळ्यांच्या?"

"एकमेकीच्या पाठ हाईत," तिघींतली एक म्हणाली. "ही म्हापुराच्या साली लागली. मी त्याच्या आदल्या दिवाळीला."

"आणि पुसाय नगं," अंजनामावशी म्हणाली. "माझं नाव मला पुन्यांदा पुसून घ्यायचं न्हाय."

नुजहतनं शाईचं मशीन झाकूनच ठेवलं. दुसऱ्या मशीनला रिबन लागायची. तिच्यात तीन रंग, मग काळा, आणि शेवटी सगळ्यावर बसणारा एक पारदर्शक थर. नेहमीच्या एजंटानं स्वस्तातली, पुन्हा भरलेली रिबन पुढं केली. ती मध्येच तुटायची आणि थर कुठं बसायचा, कुठं नाही. नुजहतनं ती परत दिली आणि मशीनच्या कंपनीचीच मागवली. कार्डंही जाड घेतली.

पहिलं कार्ड निघालं ते तिनं फिनेलच्या पाण्यात बुडवलं, सॅनिटायझरनं पुसलं, पुन्हा बुडवलं. मधला भाग तसाच राहिला, पण कडेचा रंग उडाला. पारदर्शक थर अगदी काठापर्यंत जात नव्हता. कडेला लावलेली निळी पट्टी तिनं काढून टाकली, फोटो आणि मजकूर आत घेतला. नाव आणि तारीख रंगांच्या मिश्रणातून न छापता नुसत्या काळ्यातून छापली, कारण तो काळा सहसा उडत नाही.

दुसरं कार्ड ती बुडवून बघत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"अक्षर बारीक पडतंय."

मीरासाब चष्मा लावून उभे होते.

"रस्त्यापलीकडनं वाचता आलं पायजे नाव. न् तारीख खाली कोपऱ्यात कशाला लपवतीस? नावाच्या खालीच घे. जाड घे."

"घेते, अब्बा."

"अजून जाड."

दोघांनी मिळून सगळी कार्डं छापली.

द्यायला नुजहत स्वतः गेली. पाळी बदलायची वेळ होती. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बायकांनी घोळका केला आणि एकेकीनं कार्ड गळ्यात घातलं. एकजण दुसरीची तारीख मोठ्यानं वाचायची, आणि दुसरी म्हणायची, "व्हय, बरोबर."

उदयसिंह मोटारसायकल तशीच टाकून आला. "काय तमाशा लावलाय? काढा ती कार्डं! या दवाखान्यात माझंच कार्ड चालतंय."

कुणी हललं नाही.

"अंजना, काढ म्हणतोय न्हवं!"

"काढत न्हाय," अंजनामावशी म्हणाली. "तुझंबी घातलंय की शेजारी. त्यात मी दिसत न्हाय. ह्यात दिसतोय."

"मग उद्यापास्नं येऊ नगंस कामाला."

"उद्या कशाला? आत्ताच बसतो की." आणि ती फाटकाशेजारी पदपथावर बसली. तिच्याशेजारी दुसरी बसली, मग तिसरी. आतल्या पाळीच्या बायका बाहेर आल्या, त्याही बसल्या. नुजहत उभीच होती. ती या संघटनेत नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण उदयसिंहानं तिच्याकडं बोट करून "ही सगळी हिची करणी" म्हटलं, तेव्हा तीही जाऊन बायकांत बसली.

दिवस मावळायच्या आत दवाखान्याचे व्यवस्थापक खाली आले. वॉर्ड तसेच पडले होते, रुग्णांचे नातेवाईक ओरडत होते. त्यांनी उदयसिंहाला बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण अंजनामावशीला कामावरून काढलं नाही, आणि गळ्यातल्या कार्डांबद्दलही पुन्हा कुणी ब्र काढला नाही. खऱ्या तारखांचा अर्ज संघटनेनं कामगार कार्यालयात दिला. त्याची सुनावणी अजून चालू आहे. गेलेली शाळा काही परत आली नाही. मागून आणखी एक गेली.

परवा सकाळी उदयसिंहाचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"बाई, झालं गेलं इसरा. मी सांगतो शाळास्नी. तुमी फकस्त कामगार ऑफिसात म्हणा, तारखा चुकून पडल्या. छापताना चूक झाली म्हणा."

दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. जयसिंगपूरच्या एका दवाखान्यातल्या सफाईवाल्या बायका आल्या होत्या. मीरासाब एकीला अक्षराचा नमुना दाखवत होते.

"माझ्याकडून चूक झालेली नाही," नुजहत म्हणाली. "आणि आता ठेवते. गिऱ्हाईक थांबलंय."