परद्यामागं

लेक पाच महिन्यांची झाली तरी तिला घेऊन खाली उतरायचं मी टाळत होते. कारण बाजीरावभाऊ. सोमाटण्याच्या आमच्या सोसायटीची जमीन मूळ त्यांची, म्हणून चेअरमनही तेच. एकदा बागेतल्या बाकावर मी तिला पाजत होते, तर लांबूनच म्हणाले, "सूनबाई, ही कामं घरात. पोरंसोरं बघत्यात." बघत ते एकटेच होते. पण त्या दिवसापासून मी तिच्या दोन भुकांच्या मधेच काय ती बाहेर पडायचे. ओढणीखाली पाजावं, तर ओढणी तोंडावर आली की ती किंचाळते.

शनिवारी पार्किंगमध्ये चादर बांधून जुना हिंदी पिक्चर दाखवायचं ठरलं. निवड भाऊंचीच. "आजकालचं नगं. जुनं म्हंजी संस्कारी." त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता, हे लगेच कळलं. पिक्चरमधला मुखिया दिवसा सभा घेऊन गावातल्या नाचणारीला हाकलायला निघतो आणि अंधार पडला की उपरण्यात तोंड लपवून तिच्याच दारात. लोक खो खो हसत होते. भाऊ घसा खाकरत होते.

मीही हसत होते, तोवर लेक कुरकुरायला लागली. नवरा, अतुल, उर्स्याच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. लिफ्ट बंद, घर पाचव्या मजल्यावर. कुरकुरीचं रडणं झालं तसा मला घामच फुटला.

शेजारच्या सरुमावशींनी माझा दंड दाबला. "परद्यामागं जा की. आमच्या जत्रंत बाया तिकडूनच पिक्चर बघायच्या. समदं उलटं दिसतं, पन दिसतं."

मागे काळोख होता आणि एक पालथी बादली. बसले. लेक प्यायला लागली, माझे खांदे सैल पडले. चादरीवर मुखिया डाव्या हाताने आशीर्वाद देत होता.

तेवढ्यात भाऊंचा आवाज. "मागं अंधारात कोन गेलंय? असले चाळे हितं चालायचे न्हाईत!"

खट्. माझ्या पाठीमागचा हॅलोजन पेटला.

नंतर कळलं, उजेडाने अख्खी चादर पांढरी पडली होती. पिक्चर दिसत होता तो फक्त माझ्या सावलीत: माझ्या खांद्यापासून लेकीच्या टाळूपर्यंत, आणि त्यात भाषण ठोकणारा मुखिया.

"बंद करा ते!" भाऊ ओरडले, जसा काही दिवा दुसऱ्याच कुणी लावला होता.

"का वो भाऊ? तुमीच तर लावला," सरुमावशी म्हणाल्या. "आता तेवढ्यातच पिक्चर दिसतोय. ए पोरी, हलू नगंस गं! तू हललीस की मुखिया पळतोय!"

हशा फुटला. मला वाटलं, मलाच हसतायत की काय!

"भाऊ, घावलं का कोन?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"घावला की! मुखिया!" दुसरंच कुणीतरी ओरडलं.

यावर तर टाळ्याच पडल्या. दिवा विझला. एवढ्या गोंधळात लेकीने मात्र तोंड काढलं नव्हतं. ती मजेत पीत होती. मी तशीच उठले, ओढणी खांद्यावरच राहू दिली आणि पुढे आले.

सरुमावशींनी रिकामी खुर्ची पुढे ओढली. ती नेमकी भाऊंच्या शेजारची. भाऊंनी पाय आखडते घेतले. जरा वेळाने पडद्यावरची नजर न काढता पुटपुटले, "नीट टेकून बस. मान धर तिची."

धरलीच होती. उरलेला पिक्चर मी सुलट पाहिला.