नवसाच्या चपला

सत्काराचं सूत्रसंचालन करणाऱ्या पुनम मॅडमनी खोक्यातून नव्या चपला काढल्या आणि सिंधुताईंच्या पावलांपुढे ठेवल्या.

"घाला ताई. स्टेजवर अनवाणी बरं दिसत नाही. फोटो पेपरात जाणारेत."

सिंधुताईंनी पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले. टाचांच्या भेगांत काळी माती बसली होती. मागच्या वस्तीतली साखराबाई विहिरीवरून घागर आणताना पडली आणि मांडीचं हाड मोडून खाटेला खिळली, त्याला वर्ष झालं. त्या महाशिवरात्रीला महादेवापुढे हात जोडून सिंधुताई बोलून गेल्या होत्या : वस्तीत नळाला पाणी येईपर्यंत पायात काही घालणार नाही.

"माझा नवस हाय, मॅडम."

"अहो, फिटला की तो! त्याचाच तर आज सत्कार." मॅडम घाईनं माइककडे गेल्या.

सभागृहात महिला लोकप्रतिनिधींचा सन्मान होता. पहिल्या रांगेत खुर्च्यांच्या पाठीवर 'सरपंच' अशा चिठ्ठ्या होत्या आणि त्या खुर्च्यांवर बहुतेक सरपंचबाईंचे नवरे बसले होते. सिंधुताई वाकून पुढच्या खुर्चीतल्या आपल्या नवऱ्याच्या, भागवतरावांच्या कानाशी लागल्या.

"अवं, कसलं फिटलं म्हनतात?"

"योजना पूर्ण झाली म्हून दाखला दिलाय. पाइप पडलेत की. पाणी काय, आज न्हाई तर उद्या यील."

"दाखल्यावर सही कुनाची?"

भागवतराव पंख्याकडे बघत राहिले. "तुझीच. म्हंजे... न्हेमीसारखी."

सिंधुताई मागे टेकल्या. पहिल्यांदा ग्रामसेवक कागद घेऊन दारात आला तेव्हा त्या स्वतःच देवघरातून नवऱ्याला म्हणाल्या होत्या, 'तुमीच करा सही, माझी पोथी राहिलीय.' त्याला तीन वर्षं झाली. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बोरजवळग्याच्या पाणीदार सरपंच, सौ. सिंधुताई!"

भागवतराव सवयीनं उठले. तोवर सिंधुताई त्यांना ओलांडून पुढे गेल्या होत्या. चपला खुर्चीखालीच राहिल्या. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, तोंडापुढे माइक आला.

"मागच्या वस्तीत पाणी आलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "नळ कोरडे हायत."

आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती. वाक्य पहिल्या दोन रांगांपलीकडे गेलं नाही. पुनम मॅडमनी माइक आपल्याकडे वळवला.

"बघा, किती हा विनय! ताई श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाहीत. एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. सिंधुताईंनी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

मग त्या खाली न उतरता बाजूच्या टेबलाकडे गेल्या. तिथे पाणीपुरवठा खात्याचे चन्नबसप्पा साहेब पूर्ण झालेल्या योजनांच्या फायली मांडून बसले होते.

"साहेब, आमचा दाखला द्या. माझी सही राहिलीय."

"आहे की ताई. ही बघा."

"वर श्री न्हाई. श्री काढल्याबिगर मी कुठं सही करत न्हाई."

साहेबांना हसू आलं. "घाला, घाला. देवाचं नाव असलेलं बरंच." त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. फोटोवाला समोर आला तसे ते सावरून बसले.

सिंधुताईंनी कागदाच्या माथ्यावर श्री काढला. पेन क्षणभर अधांतरी राहिलं. त्यांनी खाली पाहिलं. भागवतराव अजून उभेच होते. मग त्यांनी सहीच्या खालच्या मोकळ्या जागेत, एकेक अक्षर जपून लिहिलं : 'मागच्या वस्तीत पाणी आलेलं नाही.' त्याखाली सही केली, तारीख घातली. एकाच नावाच्या दोन सह्या वर-खाली, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या.

फोटो निघाल्यावर साहेबांनी वाचलं.

"हे काय केलंत ताई? आता हे वर कसं पाठवायचं?"

"असंच."

बाहेर डांबर तापलं होतं. सिंधुताई सावली बघत, पाय उचलून टाकत स्टँडकडे निघाल्या. मागून भागवतराव आले. बगलेत शाल, एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हातात मॅडमनी बळेच दिलेल्या चपला.

"चौकशी लागंल आता. माझ्यावर यील."

"हाव."

"मला इचारायचं तरी."

सिंधुताई थांबल्या. वळल्या नाहीत. "तुमी इचारलं व्हतं?"

भागवतरावांनी चपला पुढे केल्या. "घाल की ह्या. पाय भाजायलेत. इथं कोन बघतंय?"

त्या चालू लागल्या. निलंग्याची गाडी फलाटाला लागली होती.

स्टँडवरच्या हॉटेलच्या बाकड्यावरून गावच्या किशनरावांनी हाक मारली, "काय सरपंच! बायकोच्या चपला हातात?" चहा पिणारी माणसं हसली.

भागवतरावांनी चपला पाठीमागे नेल्या. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, तशाच पुढे आणल्या.

"सरपंच म्होरं गेल्यात," ते म्हणाले आणि गाडीकडे निघाले.