दोनात नऊशे

वारलेल्या बायकोची, चांगुणाबाईची, गाणी फोनमधून कायमची गेली, हे सटवाजीला परभणीच्या मोबाइल दुकानात कळलं. तिच्या पुण्यानुमोदनाला तिच्याच आवाजातली भीमगीतं लावायची, असं लेकीनं, रोहिणीनं, ठरवलं होतं.

"काका, पुसली कुणी?" दुकानदारानं विचारलं.

"मीच. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ नऊशे एमबीचा अन् फोनात जागा दोनच जीबी. दोनात नऊशे कसे मावतील? म्हणून जागा केली."

"अहो, हजार एमबीचा एक जीबी. हजार ग्रॅमचा किलो असतो, तसं. जागा लय होती की!"

सटवाजीचा जन्म पेडगावच्या गिरणीत दळण जोखण्यात गेला होता.

बाहेर येताच रोहिणीचा फोन आला. "बाबा, गाणी आणायलाव न्हवं?"

"हाव," तो म्हणाला.

तिला खरं सांगायचं अजून राहिलंय.