इन्व्हर्टर वाळेपर्यंत

पाणी आधी दारातून आलं नाही, न्हाणीच्या जाळीतून आलं. थोरली सकाळचं लाँड्रीतलं इस्त्रीचं काम उरकून घरी आली होती आणि सासऱ्यांसमोर ताट ठेवत होती, तेवढ्यात न्हाणीत गुळगुळ आवाज झाला. जाऊन बघते तर जाळीतून काळं पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतंय. तिनं जाळीवर पायपुसणं कोंबलं आणि वर भरलेली बादली ठेवली. थोड्या वेळानं बादली डुलायला लागली.

"काय गं?" बाबांनी खोलीतून विचारलं.

"काही नाही बाबा, जाळी तुंबलीय. तुम्ही जेवा."

बाबा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता फुप्फुसं कामातून गेली होती. पलंगाशेजारी चाकांवरचं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुमायचं आणि त्याची नळी बाबांच्या नाकाशी असायची. "मी याला बांधलोय की हे मला, तेच कळत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. वीज गेली तर जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी होती. शिवाय दवाखान्यात न्यायचं झालं तर बरोबर घ्यायला एक लहान सिलिंडर.

गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. कालव्याचा बांध फुटला होता. थोरलीनं पदर खोचला आणि जे डोळ्यांना दिसेल ते उचलायला लागली. गाद्या टेबलावर टाकल्या. मिक्सर माळ्यावर सरकवला. फ्रिज एका बाजूनं उचलून खाली विटा सारल्या, मग दुसऱ्या बाजूनं. टीव्ही कपाटावर चढवला. लाँड्रीत ओल्या चादरींची गाठोडी उचलून तिचे दंड चांगले घट्ट झाले होते. त्या अर्ध्या तासात तिनं घरातलं सगळं वाचवलं, फक्त जे वाचवायला हवं होतं ते सोडून. पुढं कितीतरी दिवस हीच गोष्ट तिला झोपू देणार नव्हती.

दाराच्या फटीतून पाणी आत सरकलं तेव्हा वीज गेली. जिन्याखालचा इन्व्हर्टर टुक् करून सुरू झाला. ऑक्सिजनचं मशीन क्षणभर दचकल्यासारखं थांबलं आणि परत घुमायला लागलं. तेव्हा कुठं थोरलीचं लक्ष जिन्याखाली गेलं. बॅटरी जमिनीलगतच्या ट्रॉलीवर होती आणि ट्रॉलीची चाकं पाण्यात बुडाली होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला फोन लावला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच कारखान्यात कामाला होते, पुलापलीकडे.

"पूल बंद केलाय," तो ओरडून बोलत होता. "कुणालाच सोडत नाहीत. तू आधी मेन स्विच पाड, आणि बाबांना घेऊन वर जा!"

"वर कशी जाऊ? दार..."

दाराचं त्यालाही माहीत होतं. "मी धाकट्याला सांगतो, त्याच्या बायकोला फोन कर म्हणून," एवढं तो म्हणाला आणि फोन बंद पडला.

दाराची गोष्ट अशी. वरच्या मजल्यावर धाकटी राहायची, थोरलीची जाऊ. तिच्या कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी झिरपून थोरलीच्या स्वयंपाकघराचं छत काळं पडलं होतं. आज बघते, उद्या बघते करत वर्ष गेलं. मग एक दिवस थोरली बोलू नये ते बोलली आणि धाकटीनं ऐकू नये ते ऐकलं. धाकटीनं ते मशीन तिथून काढलं आणि आतल्या जिन्याच्या दारालाच लावून ठेवलं. दार बंद, कटकट बंद. त्यानंतर ती बाहेरच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करायची. एका छपराखाली राहून दोघी एकमेकींना पाण्यात बघत होत्या.

बाहेरचा जिना गल्लीतून वर जात होता, आणि गल्लीत आता मांडीइतक्या पाण्यातून कुणाची तरी मोटारसायकल आडवी होऊन वाहत चालली होती. त्यातून आजारी माणूस नेणं शक्यच नव्हतं.

थोरली आतल्या जिन्यानं वर धावली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

"कोण?" आतून आवाज आला.

"कोण म्हणजे? खालून दुसरं कोण येणार! दार उघड, पाणी घरात आलंय!"

"ताई, मशीन आहे दाराला. भरलेलं आहे. कपडे टाकलेत मी."

"मग सरकव ना!"

"सरकवतेच आहे! एकटीला हलत नाही!"

थोरलीनं या बाजूनं दाराला खांदा लावला. पलीकडे धाकटी ओढत होती, धापा टाकत होती. मशीन एकदम हललं, आणि काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मशीनचा पाइप नळातून निघाला होता. छतावरच्या टाकीचं पाणी फवाऱ्यासारखं उडालं, दाराखालून आलं आणि पायऱ्यांवरून धो धो खाली निघालं. पायऱ्यांच्या फटींतून ते थेट जिन्याखाली पडत होतं. थोरली "अगं नळ, नळ!" असं किंचाळत खाली पळाली, पण ती पोचेपर्यंत इन्व्हर्टरनं एक लांबलचक शिट्टी मारली आणि तो गप्प झाला.

बाबांच्या खोलीतून ऑक्सिजनच्या मशीनचा भोंगा वाजायला लागला.

तिनं सिलिंडर ओढला. चावी फिरवली. पहिल्यांदा नळी बसलीच नाही, दुसऱ्यांदा बसली. बाबा डोळे मिटून मोठमोठ्यानं श्वास घेत होते. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "पाय गार पडले माझे."

त्यांचे पाय पाण्यात होते.

मागं कुणीतरी धपधप जिना उतरलं. नळ बंद करून आलेली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली धाकटी दारात उभी होती. एवढ्या महिन्यांनी दोघी समोरासमोर आल्या, पण बघायला वेळ कुणाला होता?

"खुर्ची," थोरली म्हणाली. "तू पाय धर, मी पाठ धरते."

आधी तिनं लाकडी स्टुलावर चढून लाटण्यानं मेन स्विच पाडला. मग बाबांना खुर्चीत बसवलं, ऑक्सिजनचं मशीन पलंगावर चढवलं, सिलिंडर त्यांच्या मांडीवर चादरीनं बांधला आणि खुर्ची उचलली. बाबा वजनाला काही फार नव्हते, पण जिना अरुंद होता. वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला आणि धाकटी एका गुडघ्यावर आली. "सोडू नकोस," थोरली म्हणाली. "सोडत नाहीये," धाकटी दातओठ खात म्हणाली. बाबांना धाकटीच्या पलंगावर टेकवलं तेव्हा तिघांनाही धाप लागली होती.

मग दोघी पुन्हा खाली. ऑक्सिजनचं मशीन गुडघ्याइतक्या पाण्यातून छातीशी धरून आणलं. इन्व्हर्टर सोडवला, तोही वर नेला. राहिली बॅटरी.

बॅटरीचं वरचं तोंड पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं होतं. थोरलीनं पान्यानं नट सैल केले. मग बॅटरीखालून जाड चादर घातली, तिची दोन टोकं एकीनं धरली, दोन दुसरीनं. आडवी करायची नाही, आतलं आम्ल सांडेल, एवढं दोघींनाही ठाऊक होतं. एक पायरी चढायची, टेकवायची, श्वास घ्यायचा. चादर तळव्यांत रुतत होती. मधेच धाकटी रडायला लागली, पण हात सुटला नाही. रडत रडत ती पायऱ्या चढत होती. खाली फ्रिज विटांवरून सुटला आणि भिंतीवर आदळला. थोरलीनं वळून बघितलं नाही.

वर आल्यावर धाकटी तारा जोडायला धावली.

"थांब," थोरली म्हणाली. "तो ओला आहे."

"ताई, सिलिंडर किती वेळ पुरणार आहे?"

"ओला लावला तर जळेल. जळला की संपलं."

"वरून तर कोरडा दिसतोय!"

"वरून सगळंच कोरडं दिसतं गं. शिवणीत ओल राहते. मी रोज बघते."

सुरीच्या टोकानं स्क्रू काढून तिनं झाकण उघडलं. आत थेंब चमकत होते. जुन्या सुती फडक्याच्या वाती करून तिनं कोपऱ्याकोपऱ्यातलं पाणी टिपलं. धाकटीनं गॅसवर तवा तापवला. तव्याजवळ, पण फार जवळ नाही, अशा बेतानं थोरलीनं इन्व्हर्टर हातात धरला आणि धाकटी पुठ्ठ्यानं गरम वारा त्यावर ढकलत राहिली. हात भरून आले की अदलाबदल करायच्या. खिडकीबाहेर पाणी भिंती घासत चाललं होतं. कुणीतरी छतावरून मदतीसाठी ओरडत होतं आणि या दोघी, बघणाऱ्याला वाटावं वेड लागलंय, अशा एका लोखंडी डब्याला वारा घालत होत्या.

थोरली मधेच बाबांकडे गेली. सिलिंडरचा काटा बघितला, मग त्याची चावी बघितली.

"बाबा, तुम्ही हवा कमी केलीत?"

"मला कुठं धावायचंय?" बाबा म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना वेगळा श्वास लागत होता. "पुरवून खावं माणसानं."

त्यांचे ओठ काळे-निळे पडले होते. तिनं चावी पुन्हा पूर्वीसारखी करायला हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारून चावीवर आपला हात ठेवला. त्या हातात जोर कसला उरला होता, पण तिला तो हलवता आला नाही.

"आता लावूया ताई," धाकटी दारातून म्हणाली. "तुझ्या पाया पडू का? आता लावूया."

लावला. तारा जोडल्या, बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला, शिट्टी वाजली आणि सगळं बंद.

धाकटी मटकन खाली बसली. "माझ्यामुळं," ती म्हणाली. "मी ते मशीन दाराला लावलं नसतं तर..."

थोरलीला खूप काही बोलता आलं असतं. वर्षभराचं साठलेलं होतं. पण तिनं वाकून इन्व्हर्टरला नाक लावलं. जळका वास नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. "जळला नाहीये. अजून ओल आहे कुठंतरी. गॅस मोठा कर."

पुन्हा तवा, पुन्हा पुठ्ठा. या खेपेला थोरलीनं आपल्या कोरड्या राहिलेल्या पदराचं टोक पीळ देऊन आत घातलं, आणि तारेच्या एका गुंडाळीमागून ते ओलं होऊन बाहेर आलं. तिथंच पाणी दडलं होतं. ती टिपत राहिली. पलीकडच्या खोलीत सिलिंडरची बारीक सुसू हळूहळू मंद झाली, आणि मग ऐकूच येईना.

"ताई..."

"ऐकलं मी."

बाबांची छाती जोरात वरखाली होत होती. डोळे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते. धाकटी त्यांना मागून टेकू देऊन बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "बाबा, घ्या श्वास, घ्या, घ्या," एवढंच म्हणत राहिली. थोरलीनं टोक शेवटचं आत घातलं. बाहेर काढून गालाला लावलं. कोरडं. तिला वाटलं की अजून थोडा वेळ हवा. पण वेळ नव्हताच. तिनं तारा आवळल्या आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

ऑक्सिजनचं मशीन खोकल्यासारखं एकदा थडथडलं आणि घुमायला लागलं. थोरलीनं नळी बाबांच्या नाकाशी बसवली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या ओठांवरचा तो रंग कडेकडेनं उतरायला लागला. दोघींपैकी कुणीही हललं नाही. बटणाला पाणी लागू नये म्हणून थोरली केस मागं धरून बसली होती. केसांतून अजून पाणी गळत होतं.

दिवस मावळायच्या आधी बचावपथकाची नाव गल्लीत आली. बॅटरी तोवर पुरली, पण हिरव्याचा पिवळा दिवा झाला होता. नावेतल्या माणसांनी बाबांना बाहेरच्या जिन्यावरून उतरवून घेतलं. त्यांच्याकडे मोठा सिलिंडर होता. दोघी जावा मागच्या फळीवर एकमेकींना चिकटून बसल्या. खालच्या घराच्या खिडकीतून गादी अर्धी बाहेर आली होती. थोरलीनं कपाटावर चढवलेला टीव्हीही गेला असणार. तिनं मान फिरवली.

इस्पितळात नर्सनं बाबांना मोठ्या मशीनवर ठेवलं. दोघींचे तळवे सोललेले बघून तिनं आधी तिथं मलम लावलं आणि मग विचारलं, "तुम्ही दोघी कोण यांच्या?"

उत्तर बाबांनीच दिलं, मास्क जरासा उचलून. "माझ्या हमाल."

धाकटी हसली. थोरलीही हसायला गेली, पण तोंडातून भलताच आवाज निघाला. ती भिंतीला टेकली, मग खाली बसली आणि सोललेले तळवे वर धरून, ते कुठं टेकवायचे हे न कळून, मोठ्यानं रडायला लागली. नर्सनं तिला पाणी आणून दिलं. धाकटीनं पेला घेतला आणि तिच्या तोंडाशी धरला.